चाळीस सारबासोव

कारागांडाच्या नोंदणी कचेरीत रौशन नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घ्यायला रांगेत उभी होती. तिच्यापुढे लग्नाचा अर्ज घेऊन एक पोरगा आणि पोरगी होती. बाकावरच्या म्हातारीने त्यांचा अर्ज वाचला.

"दोघंही सारबासोव? तो नावाजलेला पैलवान सारबासोव तुमच्यातलाच का रे?"

"नाही आजी. सगळे हेच विचारतात."

"आणि सर्जन सारबासोव?"

"तेही नाहीत."

"मग बापजाद्यांची सात नावं म्हण बघू. दोघांच्या सातांत एक जरी जुळलं तरी आपल्यात लग्न होत नसतं."

"बाप येर्मेक, आजा सेइत. पुढची ठाऊक नाहीत. आजा दुष्काळातल्या अनाथालयात वाढला."

"माझेही आजोबा तिथलेच," पोरगी हसली. "चाळीस पोरं होती, सगळ्यांना व्यवस्थापकाचं आडनाव लावलं. पैलवानाचा बाप त्यातलाच. रक्ताचं कुणीच नाही, आजी."

"तुझा आजा एकटाच आला होता का रे?"

"धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन आला होता. त्याला लहानग्यांच्या खोलीत नेलं, तो पुन्हा दिसला नाही. मेला असणार."

"असणार? आणि तुझा आजा गं, केवढा होता?"

"दीड-दोन वर्षांचे. कुणी आणलं, ते त्यांना आठवत नव्हतं."

"हयात आहेत का दोघं?"

"नाहीत."

"पुढचे कोण? या!" खिडकीतून हाक आली.

"तुमचाच नंबर, ने की हिला," म्हातारी पोराला म्हणाली. "जा ना."

पोरगी अर्जाकडे बघत राहिली.

"काकू," पोरगा रौशनकडे वळला, "आधी तुमचं उरकून घ्या."