जिन्याचं ड्रॉइंग

हॅलो?… हां, बोलतेय… कोण नर्मदा? शाळेतली?… अगं, किती वर्षांनी. नंबर कुबराने दिला ना?… हो, हो, आमच्या नणंदबाईंना सगळ्या गावाचे नंबर पाठ.

नाही, हे घरात नाहीत. शुक्रवार ना आज, जुम्म्याच्या नमाजला गेलेत… येतील अर्ध्या तासात, मशीद जवळच आहे, इथं शारजात रोल्लाच्या चौकापलीकडे… कशाला हवे होते? सांग ना मला.

पन्नास वर्षं झाली शाळेला?… आणि प्रमुख पाहुणे हे?… नाही, लाइन आहे. ऐकतेय मी.

डिसेंबरात ना? असू आम्ही गावालाच… सुट्टी नाही गं. कायमचे येतोय. याच महिन्यात, सतरा तारखेचं विमान आहे. कुबरालाही अजून सांगितलेलं नाही, तुला पहिलीला सांगतेय.

तसं काही नाही, भांडण नाही, काही नाही… अगं ऐक ना. शाळेच्या फोनवरून करतेयस? मग ठेव, मी करते इकडून… बरं, बरं. हेडबाई झालीस, तुला कोण बोलणार.

नर्मदा, यांना दिसत नाही आता.

…नाही, चष्म्याने भागण्यातलं नाही. काचबिंदू. आधी बाजूचं जातं, मग नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं. आता तेही धुरकट… एकटे कसे जातील? मोईनभाई आहेत शेजारी, ते धरून नेतात. म्हणजे, हे धरू देत नाहीत. मोईनभाई नुसते खांद्याला खांदा लावून चालतात.

हो, मोजमापाचं वेड शाळेपासूनचंच. तू त्यांच्या वर्गातली, मी तीन वर्षं मागे. तरी मला आठवतंय, नववीत सुंभाची दोरी घेऊन सगळी शाळा मोजत फिरायचे. राजाभाऊ मास्तर पाठीमागे वही धरून. त्या नकाशावरून मागच्या दोन खोल्या बांधल्या… आहेत अजून? गळत नाहीत ना?… बरं वाटेल त्यांना ऐकून.

यांच्या अब्बांना वाटायचं, पोराने मासेमारीच्या लाँचीवर यावं. हे हट्टाने रत्नागिरीला आयटीआयला गेले, ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. एक्क्याण्णवला दुबई. तेव्हा पत्र यायचं महिन्याला एक. खिडकीतून खाडी दिसते, आपल्यासारखीच, लाकडी गलबतं लागलेली असतात, असं लिहायचे. मी इकडे आल्यावर कळलं, खाडी दिसायची ती ऑफिसातून. दुबईतल्या देरा भागात हे राहायचे त्या खोलीत सात जण होते आणि खोलीला खिडकीच नव्हती… हो, हसायलाच येतं. आम्हीही हसलो होतो तेव्हा.

काम मात्र सोन्यासारखं. शाईने ओढलेली रेघ, चुकली तर ब्लेडने खरवडायची. यांना ब्लेड लागायचंच नाही म्हणे. मग कॉम्प्युटर आले आणि जुने ड्राफ्ट्समन एकेक करून घरी गेले. हे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ऑफिसात जाऊन बसायचे. वॉचमनला सांगून एसी बंद असलेल्या हॉलमध्ये. चार महिन्यांत शिकले. सीनियर झाले, फॅमिली व्हिसा झाला, मी आणि यम्ना आलो. यम्ना तीन वर्षांची होती.

डोळ्यांचं सुरू होऊन दोन वर्षं झाली. आधी गाडी चालवायची सोडली. म्हणाले, पार्किंग मिळत नाही. मग जिन्यावर ठेचकाळायला लागले. मी आपली म्हणतेय, चपला बदला. डॉक्टरकडे गेलो तोवर अर्ध्याहून जास्त गेलं होतं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, थेंब घाला, उरलेलं टिकलं तर टिकेल.

…कसं सांगणार ऑफिसात? ड्राफ्ट्समनने डोळे गेले म्हणून सांगायचं? यम्नाची शाळा, घर, व्हिसा, सगळं त्या नोकरीला बांधलेलं… लपवलं. दीड वर्ष लपवलं. स्क्रीनवर सगळं मोठ्ठं करून बघायचे. जुन्या प्रिंटा असायच्या ना, इंजिनिअरच्या हातचे आकडे घातलेल्या, त्या गुंडाळून घरी आणायचे. जेवणाच्या टेबलावर पसरायचो. मी आकडे वाचायचे, हे डोळे मिटून ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तसंच्या तसं उतरवायचे. सगळं ड्रॉइंग डोक्यात, नर्मदा.

हो, मी. सातवीत शाळा सोडलेली मी. कॉलम, बीम, लेव्हल, सगळं यायला लागलं मला… अभिमान? वाटायचा. खोटं कशाला बोलू. हे म्हणायचे, शहरबानू, राजाभाऊ मास्तरांनी तुला शाळा सोडू द्यायला नको होती.

…थांब, पाणी पिते जरा.

हां. तर शारजातलीच एक बिल्डिंग होती. तिचा जिना. खालच्या फरशीपासून वरच्या तुळईची उंची दोन पंच्याहत्तर मीटर. प्रिंट पुसट होती आणि माझं लक्ष स्वयंपाकघरात, दूध ठेवलं होतं. सात होता, मला एक वाटला. मी वाचलं, दोन पंधरा.

यांनी विचारलं होतं. 'दोन पंधरा? बघ नीट.' मी म्हटलं, नीटच बघतेय.

…नाही, कुणाला लागलं नाही, अल्लाहची मेहरबानी. तुळई ओतून झाली, आणि फोरमन जिना चढायला गेला तर तिसऱ्या पायरीवरच डोकं टेकलं. फोडावी लागली. चौकशी झाली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही असते, ती विष्णूभाऊंची. साताऱ्याचे, पन्नाशी उलटलेली, मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी न बघताच सही केली होती. शौकतचं ड्रॉइंग काय तपासायचं, असं म्हणायचे ते नेहमी. तर साहेबांनी त्यांनाच काढायचं ठरवलं.

हे गप्प राहू शकले असते. मी तर म्हटलंही… हो गं, म्हटलं मी. म्हटलं, आपल्याला मुलगी आहे. त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी इस्त्रीचा शर्ट मागितला, आणि जाऊन साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे, मला दीड वर्षापासून दिसत नाही.

खलास. तिथंच संपलं. विष्णूभाऊ राहिले. आमचा व्हिसा कॅन्सल, तीस दिवसांची मुदत.

…नाही. माझं नाव घेतलं नाही. आकडा कुणी वाचला, हे त्यांनी साहेबांना सांगितलं नाही, आणि मलाही एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन म्हणाले, चहा टाक. तेवढंच.

रडत नाहीये… सर्दी आहे.

यम्ना?… ती काय, आठ दिवस बोलत नाहीये. विचारलं तर इंग्लिशमध्ये एकच, 'आय डोन्ट नो एनीवन देअर.' मराठी बोलते, वाचता येत नाही तिला. तुझ्या शाळेत आठवीला घेशील का?… घेशील ना? तेवढं कर. बाकी मग बघू.

थांब. दार वाजलं.

…आलेत. हो, एकटेच वर आलेत वाटतं, मोईनभाई खालीच राहिले… अहो, नर्मदा आहे फोनवर. गावाहून, तुमच्या वर्गातली. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणते, तुम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावतेय… हो, सांगितलं मी तिला. सगळं.

नर्मदा, आहेस ना?… काही नाही, खुर्चीवर बसलेत. चप्पल काढतायत.

…तरी त्यांनी यायचं म्हणतेस? नक्की? गावाला कळल्यावर काय… बरं. बरं, विचारते. पत्रिका छापायला द्यायचीय? आज?… काय लिहिलंयस, वाच बरं. '…दुबईतील नामवंत इंजिनिअर, आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी, श्री. शौकत…' थांब, ते काहीतरी म्हणतायत.

काय?… हां.

नर्मदा, येतो म्हणतायत. पण इंजिनिअर लिहू नकोस म्हणतात. ड्राफ्ट्समन होते, असं लिही… हो. 'होते'. तसंच सांगितलं त्यांनी.

…नाही, फोनवर नाही यायचे आता. तोंड भिंतीकडे करून बसलेत.

ठेवते मी.