फोटोतलं ताट

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी सासू आणि सून बसल्या होत्या. मध्ये नात होती, प्रार्थनेला उभी असताना चक्कर आली म्हणून शाळेने घरी पाठवलेली.

"काय गं, सकाळी काय खाऊन गेली ही?"

"आई, शाळेला रोज लागतो तो नाश्त्याच्या ताटाचा फोटो टाकलाय ना ग्रुपवर. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट भात, पाव ताट अंडं. शाळेने दिलेल्या आहाराच्या तक्त्यात दाखवलंय अगदी तस्सं."

"फोटो मीही बघितला. पोटात काय गेलं?"

"बाईंनी पाच तारे दिलेत!"

"तारे चावून खायचे का पोरीने? ते सफरचंद सोमवारपासून रोज ताटात दिसतंय मला."

"मग रोज नवं आणू? फोटो झाला की फ्रीजमध्ये ठेवते. आणि नीट उजेडात फोटो येईपर्यंत बस येते खाली. मी तरी काय करू?"

"म्हणजे पोर उपाशीच गेली!"

"आई, हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की!"

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"मुलीने सकाळी काय खाल्लं होतं?"

"हे बघा ना, फोटोच आहे."

"अरे वा! आमच्या भिंतीवरच्या तक्त्यातही इतकं छान ताट नाही. मग चक्कर कशाने आली? रक्त तपासावं लागेल."

सासूने तोंड उघडलं. सुनेने तिचा हात दाबला.

"आई," नात सुनेला म्हणाली, "उद्या रविवार आहे. उद्या फोटो नसतो. मग ते सफरचंद मी खाऊ?"