कवळीचा कीस

शालनला ऐकायचं नव्हतं, पण दवाखान्याचं बाकडं लहान होतं. शेजारी केसरबाई आणि तिची लेक येऊन टेकल्या. म्हातारीच्या तोंडाची आग कशानं होते हे शोधायला डॉक्टरांनी एकेक जिन्नस लावून पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या आत्ताच काढल्या होत्या.

"मिश्रीनं न्हाय म्हणं?"

"न्हाय. मिरचीनंबी न्हाय."

"मग कशानं गं?"

"दातांच्या कवळीचा कीस लावला हुता की, तितंच लाल झालंय."

"तू हौसेनं करून दिल्याली?"

"व्हय."

"असूं दे. जेवणापुरती घालीन."

"नगं आये. रोज सांगत हुतीस. मी चारचौघांत म्हणलं, म्हातारी सोंग करती."

"तू म्हणलीस, मग मलाबी वाटलं, सोंगच आसंल."