आधी बोलायचं कुणी

शस्त्रक्रियेसाठी न्यायला आलेली नर्स चाकांच्या खुर्चीमागे थांबली. खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या मुलीने ऑफिसचा फोन नुकताच ठेवला होता.

"बाबा, मोठ्या काकांना ऑपरेशनचं कळवू?"

"त्यानं वर्षभरात विचारलंय का? तुझं ऑफिसचं कोडं सुटलं का, ते सांग."

"सुटलं. नेटवर्क जोडणाऱ्या दोन स्विचमधल्या दोन तारांनी जोडीनं चालायचं, तर जोडीच जमेना."

"तार तुटली असेल."

"तारा धडधाकट होत्या हो. पण दोन्ही स्विचना सांगून ठेवलेलं, समोरच्यानं विचारलं तरच बोलायचं. बसले दोघे गप्प."

"शहाणेच की! मग?"

"एकाला आधी बोलायला लावलं."

"कुठल्याला?"

"कुठलाही चालतो, बाबा."

नर्सने खुर्चीचा ब्रेक लावला. "डॉक्टरांना अजून थोडा वेळ आहे, आजोबा."

"आण तो फोन इकडे... दादा? अरे, मीच. जेवलास का?"