चिमाजी महाराजांचा जप

—नाही, नारळ आत नंतर न्या, आत काका आरती करताहेत. बसा या पायरीवर. मी? मी जीवन. तुमच्या चिमाजी महाराजांचा मुलगा — कॉलेज सोडलेला, म्हणून भक्तांच्या चपला सांभाळतो. महाराज म्हणे! परवापरवापर्यंत मखमलाबादच्या मळ्यात गुलाबाच्या जुड्या बांधायचे, तेव्हा कुणी साधा रामराम घातला नाही. यंदा सिंहस्थ. अख्खं नाशिक साधूंनी भरलं, तरी आमच्या कारभारीकाकांना, म्हणजे बाबांच्या भावाला, एक कमीच पडला!

बाबांची बोटं पाहिलीत ना? अंगठा न् पहिलं बोट सारखं एकमेकांवर फिरतंय — काका म्हणतात, अदृश्य माळ. चेहरा दगडासारखा — स्थितप्रज्ञ. पापणी लवत नाही — समाधी. अहो, पार्किन्सन आहे तो! मेंदूत डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात, मग अंग ऐकत नाही. का मरतात? ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही. एक म्हणणं असं, की डोपामाइन पेशीच्या आत नीट कोंडलेलं राहिलं नाही, उघडं पडलं, की नासतं, विष होतं — न् जिनं बनवलं तिलाच खातं. आमच्या घरासारखंच की. राबणाऱ्यालाच संपवायचं, न् वर हार घालायचा.

काकांना हे कुणी सांगितलं? ...मी. मीच सांगितलं. पुस्तक अर्धं वाचलं होतं, न् पंगतीत ऐट मारली — डोपामाइन पेशी मारतं! झालं. काका म्हणाले, मग तेच वाढवणाऱ्या गोळ्या याला कशाला द्यायच्या? दुसऱ्या दिवसापासून बंद. डॉक्टर ओरडले — गोळीनं पेशी मरतात असं सिद्ध झालेलं नाही, गोळीवाचून मात्र यांना उद्या घासही गिळता येणार नाही. पण डॉक्टर पडला परका, काका पडले वडीलधारे! आईचं तर वेगळंच — गोळी दिली न् बोटं थांबली, तर जप मोडेल. जप!

हे काय? बाबांच्या हातची चिठ्ठी, काका गुरुवारी प्रसाद म्हणून वाटतात ती? मला कधी दाखवली नाही कुणी. अक्षर बघा, मुंगीएवढं — तेही रोगानंच होतं. काकांनी काय अर्थ लावला? 'जीवन' — म्हणजे जीवन क्षणभंगुर आहे? वा! पुतण्याचं नाव विसरले वाटतं.

थांबा. पुढं आहे काहीतरी. उजेडात धरा जरा — गो... गोळी...

'जीवन गोळी दे.'

अशा किती वाटल्या हो? तुमच्या गल्लीत कितीजणांच्या देव्हाऱ्यात आहेत?

उठा. नारळ घ्या, चपला घाला न् घरी जा. आत आता दर्शन नाही. सरका — मला जाऊ द्या आत.