सतरावं पान

आदरणीय अध्यक्ष मार्तंडराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज धारला परत जाताना ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या सत्कारमूर्ती शशिकलाताई, आणि देवासच्या आपल्या मंडळातील बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माइक देताना ते हळूच म्हणाले, "बकुळाताई, हा शाळेचा तास नाही हं. पुऱ्या गार होतात." तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावंच लागतं. मी लवकर संपवते.

शशिकलाताई बारा वर्षांपूर्वी धारहून इथं आल्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक खाट टाकली आणि हलक्या हातानं उपचार करायला सुरुवात केली. त्या त्याला ऊर्जा-उपचार म्हणतात. आपण सगळे नुसतं 'शशिकलाताईंचा हात' म्हणतो. या सभागृहातले किती जण त्या खाटेवर पडून आले आहेत, हे मी विचारत नाही. अध्यक्ष गालात हसत आहेत, तेवढं पुरे.

मी गेले ती आठ वर्षांपूर्वी. आमचे हे गेले त्यानंतर सहा महिने मला झोप नव्हती. ताईंनी हातपाय धुवायला लावले, अंगावर चादर घातली, डोळ्यांवर रुमाल ठेवला. मग हात. आधी कपाळावर, मग खांद्यांवर, मग पोटावर, शेवटी तळपायांवर. दाबत नाहीत, चोळत नाहीत. नुसते ठेवतात. ऊर्जा म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. पण त्या दुपारी मी तिथंच तीन तास झोपले. हे खरं आहे आणि ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

प्रत्येक वेळी हात ठेवण्याआधी ताई एक वाक्य म्हणत. "इथं बोललेलं इथंच राहतं." ज्यांनी ऐकलं आहे त्यांना तो आवाजही आठवत असेल. त्या वाक्यावर विसंबून आपण काय काय बोललो असू?

उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात मी बोलले. काय बोलले, ते आता तुमच्या सगळ्यांच्या घरी आहे. आजच्या समारंभासाठी निघालेल्या स्मरणिकेत, पान सतरा. लेख ताईंचा, मथळा आहे, 'एका पत्नीचं परिवर्तन'. त्या पत्नीचं नाव सावित्रीबाई दिलं आहे. गाव उज्जैन केलं आहे. नवरा चौदा महिने अंथरुणावर. एक दिवस डॉक्टर सांगतात, गाडी दाराशी आहे, आत्ताच मोठ्या दवाखान्यात हलवा. सावित्रीबाई म्हणतात, आता नको. नवरा दोनदा विचारतो, "चिऊ आली का?" संध्याकाळी तो जातो. मुलीला सांगितलं जातं की डॉक्टरच नको म्हणाले.

मंडळात मराठी नीट लिहिणारे आता मोजकेच उरले, म्हणून स्मरणिकेची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली होती. सगळी आली. सतरावं आलं नाही. ताई म्हणाल्या, ते पान अजून छापखान्यात आहे. त्या पानावर शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत.

माझी मुलगी अवंती इंदूरला बँकेत आहे. तिची शाळा हिंदीतली, त्यामुळे मराठी छापील अक्षर तिला जड जातं. गेल्या रविवारी ती आली होती. स्मरणिका बघून म्हणाली, "आई, तूच वाचून दाखव ना, मला भोत टाइम लागतो." लहानपणापासून तिला मीच वाचून दाखवते. मी वाचत गेले. सोळा पानं वाचली. सतराव्यावर चौथ्या ओळीत थांबले. म्हटलं, पुढं काही विशेष नाही.

तिनं पुस्तक माझ्या हातून घेतलं. अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचलं. मी समोर बसून होते. अर्धा तास लागला असेल. मग तिनं विचारलं, "ये चिऊ मी आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मी इंदूरलाच होते, आई. घंटेभर का रास्ता." एवढंच बोलली. पिशवी भरली आणि गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही.

मी ताईंकडे गेले. त्या सामान बांधत होत्या. म्हणाल्या, "अगं, नाव बदललंय की! गावसुद्धा बदललं."

"आणि चिऊ?"

"ते काय नाव आहे? घरोघरी एक चिऊ असते."

"मग ते पान मला तपासायला का दिलं नाहीत?"

ताईंनी दोरीची गाठ मारली. "तू छापू दिलं नसतंस," त्या म्हणाल्या. "आणि बकुळा, वाचून चार जणींना बळ येईल."

येईलही. मला ठाऊक नाही. परवा भाजीबाजारात एका वहिनींनी मला थांबवून विचारलं, "काय हो, चिऊ बरी आहे ना?" त्यांना किती बळ आलं ते मी विचारलं नाही.

तेव्हा मंडळी, कुजबुजण्याचे कष्ट घेऊ नका. सतराव्या पानावरची बाई मी आहे. उज्जैनची नाही, इथलीच. तिथं लिहिलं आहे की तिच्या मनावरचं ओझं उतरलं आणि ती बदलली. हे तेवढं खोटं आहे. मी बरी झोपू लागले, बदलले मुळीच नाही. बदलले असते तर आठ वर्षांत अवंतीला स्वतः सांगितलं असतं. डॉक्टरांना नको का म्हटलं, त्याचं कारण त्या पानावर फार सुंदर शब्दांत दिलं आहे. खरं कारण साधं होतं. मी थकले होते.

शशिकलाताई, तुमच्या हातांनी मला झोप दिली. तिच्याबद्दल सर्वांसमोर आभार मानते. तुम्ही धारला सुखानं राहा. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता शाल मी घालायची आहे. ती अध्यक्षांनी घालावी. माझ्यानं आज होणार नाही.

सभेनं शांतपणे ऐकलं, मी आभारी आहे. आनंदाच्या जागी हे बोलले, त्यात मर्यादा सुटली असेल तर वयाकडे पाहून पोटात घाला. अवंतीची क्षमा मात्र मी या माइकवरून मागणार नाही. ती तिच्या दारात जाऊन मागायची आहे. ती दार उघडेल की नाही, सांगता येत नाही.

जेवायला थांबत नाही, राग मानू नये. इंदूरची बस दर पंधरा मिनिटांनी मिळते. तेव्हाही मिळत होती.