हॉटेलात ठेवलेला पासवर्ड

सरकारी नेटवर्कला गावं जोडता जोडता माझे केस पिकले, पण पिशोरपलीकडच्या एका गावानं मला पार थकवलं. पंचायतीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणालाच सांगायचा नाही, असं तिथल्या क्लार्कला मी हात जोडून बजावलं होतं. परवा नेट बंद पडलं म्हणून उन्हातान्हात एस.टी.नं तिथं गेलो, तर क्लार्क लग्नाला गेलेला.

फोनवर म्हणाला, "चावी अन् पासवर्ड, दोन्ही समोरच्या हॉटेलात ठेवलेत, साहेब."

"अरे, मग आत्ताच सांग की पासवर्ड!"

"फोनवर सांगू नको, असं तुम्हीच म्हणले होते ना?"

हॉटेलवाले मामा एका शेळ्यावाल्या म्हाताऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होते. मला म्हणाले, "पासवर्ड सांगितला. नातवाचा दाखला काढायचाय त्यांना."

"मलाही तोच हवाय," मी म्हणालो.

मामांनी चावी काढून दिली. "पासवर्ड नाय मिळणार. अनोळखी माणसाला सांगायचा नाय, असं शहरातल्या साहेबांनी बजावलंय."

"अहो मामा, तो साहेब मीच!"

"लुबाडणारेबी असंच म्हणतेत," म्हणत मामांनी माझ्यापुढं चहा ठेवला.